टाइप १ मधुमेह आणि घरातला टीनएजर: पुण्यातल्या पालकांसाठी, पहिल्यापासून

मूल लहान असताना टाइप १ मधुमेह सांभाळणं दमवणारं असतं, पण त्यात गोंधळ कमी असतो. तुम्ही टोचता, तुम्ही मोजता, डबाही तुम्हीच भरता. तेराव्या-चौदाव्या वर्षी मात्र सगळं एकदम अंगावर येतं. शरीराला इन्सुलिन जास्त लागायला लागतं, मूल ऐकेनासं होतं आणि शाळेत दहावीचं वारं सुरू होतं.

हा लेख त्या वर्षांसाठी आहे. निदान आत्ताच झालं असेल तर पहिल्यापासून वाचा, जुनं असेल तर थेट पाचव्या मुद्द्यावर गेलात तरी चालेल. माझी मुलगी आता कॉलेजात आहे आणि तिने वाचून 'चालेल' म्हटल्यावरच हे लिहिलंय. डोस ठरवणं तुमच्या डॉक्टरांचं काम, त्यात मी पडत नाही. डोसाच्या आजूबाजूचं जे कोणी सांगत नाही ते इथे आहे. एक गोष्ट आधीच सांगते: जबाबदारी मुलाकडे तुकड्यातुकड्याने द्यायची असते, आणि दिल्यानंतरही आपण तिथून उठून जायचं नसतं. बाकीचं बरंचसं याच्याच अवतीभवती आहे.

१. रिपोर्टवर कोणता टाइप लिहिलाय ते बघा

आजकाल या वयात टाइप २ सुद्धा दिसतो, त्यामुळे 'मुलाला डायबेटिस आहे' एवढ्यावर थांबू नका. शंका असेल तर डॉक्टर सी-पेप्टाइड आणि जीएडी अँटिबॉडी या रक्ततपासण्या सांगतात. टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड जास्त खाल्ल्याने हा होत नाही. हे वाक्य पाठ करून ठेवा, पहिल्या वर्षात ते आत्या, मामी, सोसायटीचे सेक्रेटरी आणि रिक्षावाले काका या सगळ्यांना ऐकवावं लागेल.

निदानानंतर काही आठवड्यांनी बऱ्याच मुलांचा इन्सुलिनचा डोस झपाट्याने कमी होतो, क्वचित अगदी नाममात्र राहतो. याला हनिमून म्हणतात. उरलेल्या पेशी थोडे दिवस काम करतात, मग थकतात. नेमक्या याच काळात कोणीतरी एखाद्या काढ्याचा पत्ता देतं आणि इन्सुलिन कमी झाल्याचं श्रेय काढ्याला जातं. काढा प्यायचा की नाही तो तुमचा प्रश्न, पण इन्सुलिन बंद करायचं नाही. जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटोत लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं. त्याआधी या मुलांसाठी उपासमारीच्या आहारापलीकडे काही नव्हतं, आणि त्यानेही फक्त थोडे दिवस वाढत.

२. घरात काय काय हवं

- ग्लुकोमीटर, स्ट्रिप आणि लॅन्सेट. शक्यतो दोन मीटर एकाच मॉडेलचे घ्या, म्हणजे स्ट्रिप दोन्हींना चालतात.
- इन्सुलिन: जेवणाआधीचं आणि दिवसभराचं (बेसल). प्रत्येकी एक जास्तीचं फ्रिजमध्ये.
- इन्सुलिन टोचायच्या पेनच्या ४ मिलिमीटरच्या सुया किंवा सिरिंज.
- कीटोन (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळायला लागलं की रक्तात साठणारी आम्लं) तपासायच्या पट्ट्या. लघवीवरच्या पट्ट्या स्वस्त असतात.
- ग्लुकोज पावडर किंवा गोळ्या: दप्तरात, उशाशी, आजीच्या घरी, गाडीत.
- डिजिटल वजनकाटा, स्वयंपाकघरातला छोटा.
- सुया टाकायला जाड प्लास्टिकची, झाकणाची बाटली. फिनेल किंवा डिटर्जंटची रिकामी उत्तम.

त्या बाटलीबद्दल जरा जास्त बोलते. पुण्यात बऱ्याच भागांत 'स्वच्छ'च्या ताई घरोघरी कचरा घेतात आणि हाताने वेगळा करतात. कोरड्या कचऱ्यात टाकलेली उघडी सुई सरळ त्यांच्या बोटात जाते. बाटली भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून तुमच्या दवाखान्यात किंवा लॅबमध्ये द्या. बहुतेक ठिकाणी घेतात, आधी विचारून ठेवा.

सेन्सर (सीजीएम) परवडत असेल तर जरूर लावा. दंडावर लावायचा, साधारण चौदा दिवस चालतो आणि बोट न टोचता शुगर वर चालली आहे की खाली हे बाणासकट दाखवतो. तरीही मीटर आणि स्ट्रिप घरात ठेवायच्याच. सेन्सरचा आकडा रक्तातल्या साखरेच्या काही मिनिटं मागे असतो, शुगर भराभर पडत असताना तो फरक महागात पडतो. अंगाला जाणवतंय एक आणि सेन्सर सांगतोय दुसरं, असं झालं की बोट टोचायचं.

आणि टोचण्याआधी हात धुवायचे. मे महिन्यात आमरस ओरपून, बोटं नुसती चाटून शुगर तपासली तर मीटर खुशाल तीनशे दाखवतो. ती साखर रक्तातली नसते, बोटावरची असते. त्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर तासाभरात लो, म्हणजे शुगर फार खाली जाणं, ठरलेला.

३. लाल टोपण, नारिंगी टोपण

सगळ्या लेखात हा सर्वांत धोकादायक सापळा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन दोन ताकदीत मिळतं: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. सिरिंजही दोन प्रकारच्या असतात. ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. ४० च्या सिरिंजने १०० चं इन्सुलिन ओढलं तर डोस अडीचपट होतो. मेडिकलवाला घाईत चुकीची देऊ शकतो, तेव्हा काउंटरवरच बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवा. हे मुलालाही शिकवा. सुट्टीत गावाला गेल्यावर तिथल्या दुकानातून तेच आणणार असतं. पेनच्या काडतुसात साधारणपणे १०० चंच इन्सुलिन असतं. आणि पेनच्या काडतुसातून सिरिंजने इन्सुलिन ओढायचं नाही, कितीही अडचण असली तरी.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. फ्रीजरला चिकटून ठेवलं आणि गोठलं तर फेकून द्या. वापरात असलेलं पेन बाहेर चालतं, बहुतेक प्रकारांत सुमारे २८ दिवस, तापमान ३० अंशांच्या आत असेल तर. पुण्याच्या एप्रिलमध्ये दुपारी ते नसतं. या शहरातला खास सापळा म्हणजे स्कूटरची डिकी. क्लासबाहेर उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत पेन राहिलं की ते दिसायला तसंच दिसतं, फक्त काम करत नाही. शुगर कारण नसताना वर राहायला लागली तर डोस वाढवण्याआधी पेन बदलून बघा. फ्रिज नसेल किंवा वीज गेली तर माठात माठ ठेवून, मधे ओली वाळू घालून इन्सुलिन गार राहतं.

टोचण्याची जागा रोज बदला. मुलं सवयीने पोटावर एकाच ठिकाणी टोचतात, कारण तिथे दुखत नाही. दुखत नाही कारण तिथे चरबीची गाठ झालेली असते, आणि गाठीतून इन्सुलिन कधी किती शोषलं जाईल याचा नेम नसतो. महिन्यातून एकदा हाताने चाचपून बघा, किंवा त्यालाच चाचपायला सांगा.

४. पुण्यात कुठे जायचं

शक्य असेल तर लहान मुलांच्या अंतःस्रावी आजारांचे तज्ज्ञ, म्हणजे पीडियाट्रिक एंडोक्रायनॉलॉजिस्ट शोधा. आजोबांचा डायबेटिस बघणारे डॉक्टर कितीही चांगले असले तरी वाढत्या वयाचा टाइप १ हे वेगळंच काम आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात जुना डायबेटिस विभाग आहे. जहांगीर रुग्णालयाच्या आवारातली हिराबाई कावसजी जहांगीर मेडिकल रिसर्च इन्स्टिट्यूट मुलांच्या वाढीवर आणि टाइप १ वर संशोधन करते. बावधनला चेलाराम डायबेटिस इन्स्टिट्यूट आहे. सरकारी किंवा महापालिकेचं हवं असेल तर ससून, आणि पिंपरी-चिंचवडकरांना वायसीएम.

पहिल्या भेटीत पाच गोष्टी विचारून घ्या. आहारतज्ज्ञ आणि डायबेटिस एज्युकेटर आहेत का? रात्री अडचण आली तर फोन कोणाला? गरजू मुलांसाठी इन्सुलिन-स्ट्रिपची काही योजना इथे चालते का? इतर पालक भेटतात का? आणि कॉलेजात गेल्यावर मुलाला तुम्हीच बघणार का? पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप असेल तर त्यात नक्की जा. सेन्सर निघू नये म्हणून कोणती चिकटपट्टी घ्यायची हे डॉक्टरांपेक्षा तिथे लवकर कळतं. डोस मात्र ग्रुपवर विचारायचे नाहीत.

एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) दर तीन महिन्यांनी. बहुतेक मुलांसाठी ती ७ टक्क्यांच्या खाली आणायचा प्रयत्न असतो. सेन्सर असेल तर दिवसातला ७० टक्के किंवा जास्त वेळ शुगर ७० ते १८० मध्ये असावी. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतलं प्रोटीन आणि थायरॉइड. डोळे आणि लघवी नेमके कधीपासून तपासायचे ते वयावर आणि आजाराला किती वर्षं झाली त्यावर ठरतं, पण अकराव्या वर्षानंतर हा विषय डॉक्टरांकडे काढाच.

५. वयात येताना शुगर बिघडते, त्यात मुलाचा दोष कमी असतो

वाढीचं हार्मोन आणि लैंगिक हार्मोन इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात. लहानपणी दर किलो वजनामागे दिवसाला पाऊण ते एक युनिट पुरत होतं, तिथे आता सव्वाच्या वरही लागू शकतं. पहाटे शुगर आपोआप चढते. मुलींची पाळीच्या आधी काही दिवस वर जाते आणि पाळी सुरू झाली की खाली येते, तेव्हा शुगरच्या वहीत पाळीच्या तारखाही लिहा. काही काळ डोस सतत बदलत राहतो. डोस वाढला म्हणजे आजार बळावला, असं आजी-आजोबांना वाटतं. त्यांना नीट समजावून सांगा, नाहीतर ते मुलाकडे बघून उसासे टाकतात आणि मूल ते बरोबर टिपतं.

घरात 'चांगली शुगर', 'वाईट शुगर' म्हणणं सोडा. जास्त, कमी, मधली. एवढे शब्द पुरतात.

६. जबाबदारी कोणत्या क्रमाने द्यायची

'आता मोठा झालास, तुझं तू बघ' असं म्हणून एका दिवसात सगळं सोपवलं की सहा महिन्यांत एचबीएवनसी चढलेली दिसते. उलट अठरा वर्षांपर्यंत सगळं स्वतःच्या हातात ठेवलं तर मूल हॉस्टेलवर जाऊन पहिल्यांदा सुई धरतं. बँकेतल्या जॉइंट खात्यासारखं ठेवा: व्यवहार तो करेल, पासबुक दोघांनाही दिसेल.

क्रम साधारण असा ठेवता येतो.

- आधी शुगर तपासणं आणि टोचणं. हे बहुतेक मुलं दहा-बाराव्या वर्षी करतात.
- मग ताटातले कार्ब, म्हणजे शुगर वाढवणारे पिष्ट आणि गोड पदार्थ, मोजणं. आधी तोंडी अंदाज सांगू द्या, मग वजनकाट्यावर पडताळा.
- मग जेवणाचा डोस काढणं. तो सांगेल, तुम्ही फक्त 'हो' म्हणाल. पटलं नाही तर 'कसा काढलास?' एवढंच.
- मग सामान संपायच्या आधी सांगणं, पुढे स्वतः मेडिकलमध्ये जाऊन आणणं.
- मग आठवड्याचा आलेख वाचून काय बदलायला हवं ते डॉक्टरांना स्वतः सांगणं.
- आजारपणातले निर्णय सगळ्यात शेवटी. ताप-उलटी असेल तेव्हा कितीही मोठं मूल असो, तुम्ही सूत्रं हातात घ्यायची आणि त्याला तसं आधीच सांगून ठेवायचं.

बेसलचा रोजचा डोस ही सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट. तो जेवणाच्या टेबलावर, रात्रीच्या ताटानंतर, सगळ्यांसमोर घ्यायचा असा घरचा नियमच करा. तुम्ही बघताय एवढंच पुरतं, बोलायची गरज नसते.

आता बोलण्याचं. क्लासमधून आलेलं मूल दारात बूट काढतंय आणि स्वयंपाकघरातून आवाज येतो, 'किती आली शुगर?' कसा झाला पेपर नाही, भूक लागली का नाही. रोज हेच झालं की मूल दोनपैकी एक करतं: 'नाही बघितली' म्हणतं, किंवा '१४०' असं ठोकून देतं. १४० हा आकडा फार वेळा ऐकू यायला लागला की सावध व्हा. मीटरच्या मेमरीत खरे आकडे असतात, पण ती पोलिसासारखी गुपचूप तपासू नका. आठवड्यातून एक वेळ ठरवून, दोघांनी मिळून उघडा. आमच्याकडे रविवारी सकाळी पोह्यांबरोबर हे चालायचं. 'मंगळवारी दुपारी काय झालं होतं गं?' 'आई, पी.टी. होती आणि डबा राहिला.' एवढ्यात काम होतं. बाकी सहा दिवस लो किंवा फार हाय असल्याशिवाय आकड्यावर बोलायचं नाही. हे पाळणं आपल्याला जड जातं, मुलांना नाही.

सेन्सरचे आकडे आई-बाबांच्या फोनवरही दिसत असतील तर त्याचेही नियम हवेत. वर्ग चालू असताना '१९० झालीय' असा मेसेज करायचा नाही. ७० च्या खाली गेली आणि ठरलेल्या मिनिटांत उत्तर आलं नाही तरच फोन. हे नियम मुलाबरोबर बसून ठरवा आणि तुम्हीही पाळा.

७. लो आणि कीटोन

शुगर ७० च्या खाली म्हणजे लो. १५ ग्रॅम लगेच शोषली जाणारी साखर द्या, म्हणजे पाण्यात तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच. चॉकलेट, पेढा, बर्फी नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर चढायला वेळ लागतो. घाबरून अर्धा डबा लाडू भरवला की तासाभराने तीनशे येते आणि मग सगळेच चिडतात.

बेशुद्ध असेल किंवा झटका आला असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. कुशीवर झोपवा, १०८ ला फोन करा. ग्लुकागॉन, म्हणजे अशा वेळी शुगर वर आणणारं औषध, याबद्दल डॉक्टरांना विचारून ठेवा, मिळालं तर ते द्यायचं कसं ते घरातल्या दोघांनी शिका.

दुसरी बाजू: शुगर २५० च्या वर राहिली, पोट दुखतंय, उलट्या होताहेत, श्वास खोल आणि जोरात चाललाय, तोंडाला फळासारखा वास येतोय, तर कीटोन तपासा. कीटोन आहेत आणि उलट्या थांबत नाहीत तर सरळ रुग्णालय. 'काही खाल्लंच नाही, मग इन्सुलिन कशाला' हा विचार नेमका याच वेळी येतो. आजारपणात बेसल थांबवायचं नाही. बाह्य रुग्ण विभागात पोटदुखी म्हणून ॲसिडिटीची गोळी मिळण्याआधी तुम्हीच मोठ्याने सांगा, 'टाइप १ आहे, कीटोन आलेत.'

८. शाळा, क्लास आणि परीक्षा

जूनमध्येच शाळेला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. सोबत डॉक्टरांचं सर्टिफिकेट. असा मजकूर चालतो:

> मा. वर्गशिक्षिका, माझ्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे. तिला वर्गात शुगर तपासण्याची, इन्सुलिन घेण्याची, पाणी पिण्याची आणि गरजेला खाण्याची परवानगी असावी. तिला अचानक घाम आला, हात थरथरले, ती चिडचिड करू लागली किंवा एकदम गप्प झाली तर शुगर कमी झाली असं समजावं. दप्तराच्या पुढच्या कप्प्यातलं ग्लुकोज आधी द्यावं, फोन नंतर करावा. अशा वेळी तिला ऑफिसात किंवा स्वच्छतागृहात एकटीला पाठवू नये. बेशुद्ध असल्यास तोंडात काही घालू नये, १०८ ला कळवावं. आमचे दोन्ही फोन खाली दिले आहेत.

एक प्रत पी.टी.च्या सरांना, एक बसच्या मावशींना. क्लासवाल्यांना बहुतेक पालक विसरतात, आणि अकरावी-बारावीत मूल शाळा-कॉलेजपेक्षा जास्त वेळ तिथेच असतं. १४ नोव्हेंबर हा बालदिन तसाच जागतिक मधुमेह दिनही आहे. शाळेला काही करायचंच असतं, त्या दिवशी डॉक्टरांना बोलवा असं सुचवून बघा.

परीक्षेचं वेगळं. सीबीएसईने २०१७ मध्ये परिपत्रक काढून टाइप १ असलेल्या दहावी-बारावीच्या मुलांना साखरेच्या गोळ्या, फळं, थोडं खाणं आणि पाणी नेण्याची सोय दिली. त्यासाठी सर्टिफिकेट आणि शाळेमार्फत अर्ज लागतो. जेईईच्या माहितीपुस्तिकेतही साखरेच्या गोळ्या, फळं आणि पारदर्शक बाटलीची परवानगी दिलेली असते. त्या वर्षीची पुस्तिका वाचा आणि तेवढं पान छापून सोबत ठेवा, दारावरच्या माणसाला ते माहीत असेलच असं नाही. राज्य मंडळाची परीक्षा असेल तर मुख्याध्यापकांमार्फत पुणे विभागीय मंडळाकडे लेखी अर्ज करा आणि हे काम दिवाळीआधी सुरू करा.

सापळा: सेन्सर फोनवर वाचायचा असतो आणि फोन तर आत नेता येत नाही. त्यामुळे परीक्षेच्या दिवशी मीटर चालेल का हे अर्जातच लिहा. मॉक टेस्टच्या वेळी तसंच करून बघा. ताणाने काहींची शुगर वर जाते, काहींची खाली, आणि आपल्या मुलाचं काय होतं ते आधी कळलेलं बरं.

९. खाणं, थोडक्यात

वेगळा स्वयंपाक करू नका. घर जे खातं तेच मूल खाईल, फक्त मोजून. मध्यम फुलक्यात साधारण १५ ग्रॅम कार्ब, शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात २८ च्या आसपास, मध्यम केळ्यात पंचविसेक. भाकरी प्रत्येक घरची वेगळी, ती वजनकाट्यावर ठेवा. साबुदाण्याची खिचडी 'उपवासाची' म्हणून हलकी समजली जाते, प्रत्यक्षात ती जवळजवळ सगळी पिष्टमय. 'शुगर-फ्री' बिस्किटांत मैदा असतोच. मिसळीचा त्रास रश्श्यापेक्षा पावाने होतो. उकडीचा मोदक खाऊ द्या, घरच्या एकाचं वजन आणि कार्ब एकदा काढून फ्रिजवर चिकटवा. बंदी घातली की मूल मित्राकडे जाऊन खातं आणि मग इन्सुलिन घेत नाही, कारण घेतलं तर आईला कळेल.

१०. ढोल, ट्रेक, गाडी

पुण्यातलं मूल कधी ना कधी 'पथकात जाऊ?' विचारतं. जाऊ द्या. पण संध्याकाळचे दोन-तीन तास कमरेला ढोल बांधून वाजवणं हा जबरदस्त व्यायाम आहे आणि त्याचा परिणाम रात्री दोन-तीनला दिसतो. व्यायामानंतर कित्येक तासांनी, झोपेत शुगर पडते. सरावाच्या दिवशी रात्रीचा डोस कमी करायचा का हे डॉक्टरांना विचारा, झोपताना तपासा आणि सुरुवातीला रात्रीचा गजर लावा. ढोलाच्या पट्ट्याखाली सेन्सर येणार नाही असा तो दंडावर लावा. पथकातल्या एका दादाला किंवा ताईला लो ओळखायला शिकवा. विसर्जनाच्या दिवशी ग्लुकोज आणि पेन अंगावरच्या पाऊचमध्ये. गर्दीत फोनला रेंज नसते, तेव्हा तुमच्या मोबाइलवर येणाऱ्या अलार्मच्या भरवशावर त्या दिवशी राहू नका.

सिंहगड चढण्याआधी मांडीत टोचू नका, चालत्या स्नायूजवळून इन्सुलिन लवकर शोषलं जातं. कीटोन असतील तर त्या दिवशी व्यायाम नाही.

अठराव्या वर्षी गाडी हातात येईल. किक मारण्याआधी शुगर बघायची, ९० च्या खाली असेल तर आधी खायचं. हा नियम हेल्मेटइतकाच पक्का. आणि दारूबद्दल उघड बोला, आमच्या घरी तो प्रश्नच नाही असं म्हणू नका. दारू उतरवण्यात गुंतलेलं यकृत साखर सोडत नाही, त्यामुळे लो बऱ्याच तासांनी, झोपेत येतो आणि मित्रांना वाटतं चढलीय.

११. लपवणं आणि थकणं

मुलगी असेल तर घरातलं कोणीतरी कुजबुजतं, 'बाहेर सांगू नका, उद्या लग्नाचं बघावं लागेल.' यावर माझं मत ठाम आहे: लपवलेला मधुमेह लो आल्यावर जीवावर उठतो, कारण आजूबाजूच्या कोणालाच माहीत नसतं. आणि मुलीला लहानपणापासून कळतं की आपल्यात काहीतरी झाकण्यासारखं आहे.

दोन-तीन वर्षांनी मूल थकतं. तपासणं बंद होतं, 'काय फरक पडतो' ऐकू येतं. काही मुलं, विशेषतः मुली, वजन कमी करायला मुद्दाम इन्सुलिन कमी घेतात. वजन उतरतंय, एचबीएवनसी चढतेय आणि कीटोन वारंवार येताहेत, असं एकत्र दिसलं तर रागावण्याआधी डॉक्टरांना सांगा आणि समुपदेशक मागा. अशा काळात एक आठवडा तुम्ही टोचायचं, तुम्ही मोजायचं, त्याला सुट्टी द्यायची. दिलेलं काम थोडे दिवस परत घेणं ही शिक्षा नाही, हे त्याला स्पष्ट सांगा.

१२. पैसे

आमचा इन्सुलिनपेक्षा स्ट्रिपवर जास्त खर्च व्हायचा. फुकट मिळणारा मीटर घेण्याआधी त्याच्या स्ट्रिपची किंमत विचारा. जनऔषधी केंद्रात भाव तुलना करून बघा. नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीत बहुधा आधीचे आजार धरलेले असतात. स्वतः काढलेल्या पॉलिसीत आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, पण आजार लपवून फॉर्म भरलात तर दावा नाकारला जातो.

१३. अठरा जवळ आल्यावर

सतराव्या वर्षापासून एक फाइल तयार करा: निदानाचा पहिला कागद, अँटिबॉडीचे रिपोर्ट, सगळ्या एचबीएवनसी तारखांसकट, सध्याचे डोस आणि प्रमाण, डोळे-लघवीचे रिपोर्ट, सुई-सेन्सर-स्ट्रिपची नेमकी नावं, विम्याचा नंबर. फोटो काढून मुलाच्या आणि तुमच्या फोनमध्ये ठेवा. मोठ्यांचे डॉक्टर आधी एकदा भेटून निवडा, जुन्या डॉक्टरांकडून पत्र घ्या, आणि मधले सहा महिने कोणाकडेच गेलो नाही असं होऊ देऊ नका, हॉस्टेल लागल्यावर ते सहज होतं. नव्या डॉक्टरांकडे पहिल्या भेटीला त्याला आधी एकट्याला आत जाऊ द्या. तुमचे प्रश्न कागदावर लिहून त्याच्याच हातात द्या. बिल अजून काही वर्षं तुम्हीच भरायचंय.